हमीद दलवाई : बातमीदार ते समाजनेता

हमीद दलवाई यांचे नाव निघाले की आजही आपल्या बैठकीत दोन तट पडतात. एकाला ते सुधारक वाटतात, दुसऱ्याला समाजद्रोही. या वादात एक साधी गोष्ट मागे पडते, असे आम्हाला वाटते. हा माणूस आधी मराठी कथाकार आणि बातमीदार होता, आणि नेता झाल्यावरही त्याची रीत बातमीदाराचीच राहिली.

२९ सप्टेंबर १९३२ रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळीत त्यांचा जन्म झाला. राष्ट्र सेवा दलात ते घडले. ‘लाट’ (१९६१) हा कथासंग्रह आणि ‘इंधन’ (१९६५) ही कादंबरी यांतून कोकणातले मुस्लिम घर मराठी साहित्यात आले. तोवर मराठी वाचकाला मुसलमान भेटे तो बहुधा बखरीतला सरदार. इथे त्याला शेजारच्या वाडीतला माणूस भेटला.

आचार्य अत्रे यांच्या ‘मराठा’ दैनिकात दलवाई नोकरीला होते. टेबलावर बसून समाजावर अग्रलेख लिहिणे त्यांना मानवले नाही. ते हिंडत, लोकांना विचारत, ऐकत. मात्र तोंडी तलाकची बातमी छापून आली, तरी ती बाई माहेरच्या ओसरीवरच बसलेली असे. लेखणीची ही मर्यादा त्यांना रस्त्यावर घेऊन आली.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा निघाला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा करा, या त्याच्या मागण्या. मोर्चात स्त्रिया किती? अवघ्या सात. त्यांत दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसा होत्या. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले.

आपली तक्रारही खरी आहे. धर्माच्या चौकटीबाहेर उभे राहून ते बोलले, म्हणून श्रद्धावान माणूस त्यांच्याजवळ गेला नाही. मुस्लिम राजकारणावरची त्यांची कठोर वाक्ये इतरांनी आपल्याच विरोधात वापरली. हिंदू जातीयतेवरही त्यांनी टीका केली होती, ती मात्र सोयीने विसरली गेली. पण त्यांच्या उत्तराशी मतभेद असले, म्हणून त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही.

३ मे १९७७ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने ते गेले, तेव्हा वय अवघे ४४ होते. मेहरुन्निसाभाभींनी काम पुढे चालवले. जून २०१७ मध्ये त्याही गेल्या. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. २०१९ च्या कायद्यातील तुरुंगवासाच्या तरतुदीबद्दल आपल्यात मतभेद आहेत, आणि ते असू द्यावेत. पण न्यायालयात दाद मागायला गेलेल्या स्त्रिया आपल्याच घरातल्या होत्या.

त्या सात जणींना आपण तेव्हा मोजले नाही. मोहल्ल्यात, जमातीत, अंजुमनच्या बैठकीत त्यांचे गाऱ्हाणे आपणच ऐकले असते, तर त्यांना कौन्सिल हॉलपर्यंत चालत जावे लागले असते का?