बाकावरचा बारावा

बास्केटबॉल हा पाच माणसांचा खेळ आहे, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तो बारा माणसांचा आहे. पाच जण मैदानात धावतात आणि सात जण बाकावर बसून टॉवेल सांभाळतात. या बारांच्या पलीकडे एक तेरावा असतो. तो धड उभाही नसतो आणि धड बसलेलाही नसतो. त्याला प्रशिक्षक म्हणतात. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या कॉलेजांत त्याला नुसतं 'सर' म्हणतात. कुणाला किती मिनिटं खेळवायचं हे सरांच्या मनात असतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नाही.

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. मिनिटं म्हटली की मला ती खात्यावर जमा झालेली दिसतात. सामना चाळीस मिनिटांचा, एका वेळी माणसं पाच. म्हणजे सरांच्या हाती एकूण 200 मिनिटांची रक्कम. बारा जणांत सारखी वाटली तर दरडोई 16 मिनिटं 40 सेकंद. असं वाटप कुठलाही सर करीत नाही, आणि करूही नये. मागेल त्याला सारखंच कर्ज देणारी बँक फार दिवस उघडी राहत नाही. पण मग वाटायचं कसं? हा तंटा आजकालचा नाही. त्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी हा खेळ काढला, तेव्हा हा तंटाच नव्हता. बाहेर थंडी, आत व्यायामशाळेत कोंडलेली अठरा आडदांड पोरं. नेस्मिथनी पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि पोरांचे नऊ-नऊचे दोन संघ केले. अठरा पोरं, अठराही मैदानात. बाक नव्हताच! नेस्मिथना सामना जिंकायचा नव्हता, तास निभावायचा होता. पुढे 1897 च्या सुमारास एका बाजूला पाचच खेळाडू हे पक्कं झालं आणि त्याच दिवशी बाकाचा जन्म झाला असं म्हणायला हरकत नाही.

या बाकाचे सुरुवातीचे नियम मोठे कडक होते. 1920 पर्यंत अमेरिकन कॉलेजांच्या सामन्यात एकदा बाहेर आलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा आत जाऊ शकत नसे. हे वाचलं आणि मला आपली कबड्डी आठवली. जुन्या कबड्डीचे तीन प्रकार होते: संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत बाद झालेला गडी, समोरचा गडी बाद झाला की पुन्हा जिवंत होतो. गामिनीत बाद झालेल्यानं सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं. आणि अमरमध्ये गडी बाद झाला तरी बाहेर जायचंच नाही. गुण तेवढा समोरच्याला मिळतो, गडी आपला तिथंच उभा.

अमेरिकन बास्केटबॉल असा आधी चक्क गामिनी होता. 1920 नंतर एकदा परत जायची मुभा मिळाली, 1930 नंतरच्या दशकात दोनदा, आणि 1944-45 च्या हंगामापासून कितीही वेळा. म्हणजे पुरती संजीवनी. कारणही तसंच होतं. पूर्वी प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मध्यभागी नेऊन उडवत, तेवढ्यात पोरं दम खात. 1937 मध्ये ती पद्धत गेली, खेळ सलग धावू लागला, आणि पाच जणांच्या फुप्फुसांवर चाळीस मिनिटं निघेनात.

नियम संजीवनीचे झाले. सरांचे स्वभाव मात्र तिन्ही प्रकारचे राहिले. गामिनी सर म्हणजे पोराचा एक पास चुकला की हाक: "ये बाहेर!" मग ते पोर उरलेला सामना बुटाची नाडी सोडण्यात आणि बांधण्यात घालवतं. अमर सरांचे दोन लाडके असतात. ते दहा चुका करोत, पायात गोळे येवोत, बाहेर येत नाहीत. तोटा संघाच्या खात्यावर पडतो. संजीवनी सर थकलेल्याला बाहेर काढतात, पाणी देतात, चूक सांगतात आणि पुन्हा आत पाठवतात. असे सर कमी असतात.

पाळीचा एक नमुना 1936 साली बर्लिनला दिसला. बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आला तो त्याच वर्षी. योगायोग असा, की आपल्या शेजारच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही तेव्हा बर्लिनमध्ये होतं आणि मंडळाच्या खेळाडूंनी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. तिथं बास्केटबॉलच्या एका सामन्याला सातच खेळाडू आणायची परवानगी होती आणि अमेरिकेकडे होते चौदा. त्यांनी सात-सातच्या दोन तुकड्या केल्या आणि आळीपाळीनं उतरवल्या. अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात, चिखलात झाला. अमेरिकेनं कॅनडाला 19-8 असं हरवलं. पाळी लावल्यानं सुवर्णपदक हुकत नाही, एवढं तरी यावरून दिसतं.

खुद्द नेस्मिथ प्रशिक्षक म्हणून बेताचेच. कॅन्सस विद्यापीठात त्यांनी 55 सामने जिंकले आणि 60 हरले. पण त्यांचा विद्यार्थी फॉग ॲलन मोठा प्रशिक्षक झाला, आणि ॲलनच्या 1952 च्या विजेत्या संघात डीन स्मिथ नावाचा एक राखीव खेळाडू होता. मुख्यतः बाकावरचा! पुढे हाच स्मिथ नॉर्थ कॅरोलिनाचा प्रशिक्षक झाला आणि 1997 मध्ये 879 विजय नावावर घेऊन निवृत्त झाला; तेव्हा तो विक्रम होता. मायकेल जॉर्डन त्याच्याच हाताखालून गेलेला.

या स्मिथची पद्धत मला कारकून म्हणून फार पटते. खेळाडू दमला की त्यानं मूठ वर करायची. लगेच त्याला बाहेर घेत. आणि जो असा आपणहून बाहेर आला, त्यानं दम परत आला की आपणहूनच आत जायचं. सरांनी काढलं असेल तर मात्र सर सांगतील तेव्हा. ज्यानं रक्कम स्वतः काढली त्यानंच ती भरावी, इतका सरळ हिशोब! त्यामुळे पोरं थकवा लपवीत नसत. एरवी पोराला भीती असते, की बाहेर गेलो तर पुन्हा नंबर लागायचा नाही; म्हणून ते धापा टाकीत रेटत राहतं आणि त्याचा माणूस समोर बास्केट करून जातो. शिवाय घरच्या मैदानावरच्या वर्षातल्या शेवटच्या सामन्यात स्मिथ शेवटच्या वर्षाच्या पोरांना सुरुवातीलाच उतरवी, राखीवसुद्धा.

इतक्या लांब कशाला जा? आपल्या खो-खोत पळणारे तीन-तीनच्या तुकड्यांनी उतरतात, आणि त्यांची नावं क्रमानं गुणलेखकाकडे आधी द्यावी लागतात. तिसऱ्या तुकडीतल्या पोराला आपला नंबर ठाऊक असतो. कदाचित त्याची पाळी येणारही नाही, पण का आली नाही हे त्याला समोर दिसतं. बास्केटबॉलच्या बाकावर हेच दिसत नाही.

"सर, मी उतरू काय?"

"थांब बे, टाइम आहे अजून."

हा संवाद पहिल्या वर्षाला सुरू होतो आणि तिसऱ्या वर्षाच्या निरोपसमारंभाला संपतो.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण सगळंच नाही. आर्वीहून, हिंगणघाटहून, देवळीहून एसटीनं येणाऱ्या पोराला ही मिनिटं नुसती हौस नसते. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात खेळ दिसला तर नागपूर विद्यापीठाच्या संघात निवड. पुढे आणखी चमकला तर रेल्वे, पोलीस, नाही तर खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरी. जे पोर मैदानात उतरलंच नाही, त्याची निवड कोण आणि काय बघून करणार? घरी दोन एकर कोरडवाहू कापूस असला, की बाकावरचं एक वर्ष फार महाग पडतं.

म्हणून सरांनी सगळ्यांना सारखी मिनिटं द्यावीत असं मी म्हणत नाही. ज्याचा खेळ जास्त, त्याला जास्त. पण दमण्याआधी काढावं, एका चुकीसाठी काढू नये, पाचही जण एकदम बदलू नयेत. दोन जुने मैदानात असताना एक नवा घालावा, म्हणजे तो बुडत नाही. सामना वीस गुणांनी हातात असताना लाडक्यांचे गुण वाढवीत बसू नये. ती मिनिटं दहाव्या-अकराव्या-बाराव्याची. आणि सरावात काय केलं म्हणजे मिनिटं वाढतील, हे प्रत्येकाला हंगामाच्या आधी सांगावं. बँकेत कर्ज नाकारतानासुद्धा कारण द्यावं लागतं. नाकारलेला माणूस चार शिव्या देतो, पण कागद पुरे करून पुन्हा येतो. कारण न सांगता परत पाठवलेला माणूस मात्र खातंच बंद करतो, आणि त्यातला एखादा मोठा ठेवीदार व्हायचा असतो.