यकृताची पंधरा मिनिटे

वाचकहो, इतिहासाचा तास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपणांस आठवते. परंतु शस्त्रक्रियेच्या टेबलावरही इतिहास घडत असतो. त्यातील एक प्रकरण आज आपणांपुढे ठेवीत आहे.

यकृत हा रक्ताने भरलेला अवयव होय. दर मिनिटास सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहते. पैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणारी मोठी शीर आणते व उरलेले यकृताची रोहिणी पुरविते. असे हे यकृत अपघातात फाटले, तर रक्त थांबवावयाचे कसे?

१९०८ साली ग्लासगो येथील रॉयल इन्फर्मरीचे शल्यविशारद जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी याचे उत्तर छापून प्रसिद्ध केले. शीर व रोहिणी यकृतात शिरण्यापूर्वी एकाच पदरातून जातात. तो पदर अंगठा व बोट यांच्या चिमटीत धरला, की रक्तस्राव थांबतो. उपाय इतका साधा! पण त्यांनी ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केली ते रुग्ण वाचले नाहीत. प्रिंगल यांनी ही गोष्ट लपविली नाही. सशांवर प्रयोग करून त्यांनी आपली कल्पना पुन्हा तपासली आणि यशापयशासह सारे जगापुढे मांडले.

आता दुसरा प्रश्न उभा राहिला: चिमटी किती वेळ धरावी? ही शीर बांधल्यास कुत्र्याच्या आतड्यांत रक्त तुंबते व तो दगावतो, असे प्रयोगांत दिसले होते. त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांपलीकडे जाण्यास शल्यविशारद अनेक वर्षे धजले नाहीत. १९७८ साली फ्रान्समधील क्लॉड ह्युगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की माणसाचे यकृत एक तासाहूनही अधिक काळ हा उपवास सोसू शकते.

मात्र सोसणे म्हणजे इजा न होणे नव्हे. रक्त बंद होताच पेशींचा प्राणवायू संपत जातो. नवल असे, की रक्त परत सुरू झाल्यावर इजा आणखी वाढते. अचानक आलेल्या प्राणवायूपासून घातक द्रव्ये निर्माण होतात. दुखावलेल्या पेशींतील विकरे रक्तात उतरतात. कावीळ वाढली किंवा रक्त गोठण्यास उशीर लागू लागला, तर यकृताचे कामच मंदावले असे समजावे.

यावर तोडगा निघाला तो थोडे आवळावे, थोडे सोडावे असा. १९९९ साली फ्रान्समधील जाक बेलगिती व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ रुग्णांवर याची रीतसर तुलना केली. एका गटात रक्त सलग बंद ठेवले. दुसऱ्यात पंधरा मिनिटे बंद व पाच मिनिटे चालू. दुसऱ्या गटात यकृत कापताना रक्त थोडे जास्त गेले. परंतु यकृताला इजा कमी झाली. आधीच रोगट असलेल्या यकृतांत हा फरक विशेष जाणवला.

वाचकहो, अंगठा आणि बोटाच्या त्या चिमटीपासून पाच मिनिटांच्या या विसाव्यापर्यंत यावयास एक्याण्णव वर्षे लागली. आम्ही शिक्षक पहिल्या आलेल्यांची नावे फळ्यावर लिहितो. नापास झालेल्यांचे पेपर मात्र कपाटात जातात. प्रिंगल यांनीही आपले पेपर कपाटात ठेवले असते, तर पुढच्यांनी सुरुवात कोठून केली असती? अपयशाची प्रामाणिक नोंद हीदेखील पुढच्या पिढीला दिलेली ठेव आहे. ती आपल्या मुलांना जपावयास शिकवू या.