जेंटू, उबुंटू आणि भारनियमन

डॅनियल रॉबिन्सच्या जेंटू लिनक्सची १.० आवृत्ती मार्च २००२ मध्ये आली. सगळं सोर्सकोडपासून आपल्या मशीनवर, आपल्याच प्रोसेसरसाठी कम्पाइल करायचं! आम्हा पोरांना नाद लागला नसता तरच नवल.

पुण्यात हे जमायचं. २००६ मध्ये पुणेकरांनी जादा दर मोजून आणि कारखान्यांनी आपले जनरेटर चालवून भारनियमन टाळलं. त्याच सुमारास धाराशिवला (तेव्हाचं उस्मानाबाद) सुट्टीत मशीन घरी आणलं आणि गाडं अडलं. वीज तासन्‌तास गायब. 'इमर्ज'ला 'रिझ्यूम' होतं की! पण ते फक्त उरलेल्या पॅकेजांची यादी लक्षात ठेवतं. अर्धवट राहिलेलं पॅकेज एरवी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ओपनऑफिससारखं जे धूड दोन भारनियमनांच्या मधे मावत नाही, ते होतच नाही. यूपीएस वीस मिनिटांत मान टाकायचा.

ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झालेल्या उबुंटूच्या सीडी पोस्टानं फुकट यायच्या (ही सोय २०११ मध्ये संपली). पाकीट फोडलं, आणि वीज जायच्या आत सिस्टीम उभी!

हॉस्टेलवरचे मित्र म्हणाले, "हरलास लेका." तेव्हा लागलं होतं. आता वाटतं, सोर्स बघायचं, बदलायचं स्वातंत्र्य उबुंटूतही होतंच. जेंटूला वर अखंड वीज हवी होती, आणि ती पुण्यात विकत मिळत होती, आमच्याकडे नाही.

असो. डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द जेंटूनंच तयार बायनरी पॅकेजं मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली. मी ती बातमी त्या मित्रांना लगेच पाठवली.