हजेरी : परदेशी विद्यार्थी, व्हिसा आणि पडद्यावरचा वर्ग

६ जुलै २०२०, सोमवार. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, म्हणजे आयसीईने, एक सूचना काढली. मजकूर थोडक्यात असा : येत्या सत्रात ज्यांच्या विद्यापीठातले सगळे वर्ग ऑनलाइन होणार आहेत, अशा परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकेत राहता येणार नाही. त्यांनी देश सोडावा, नाहीतर प्रत्यक्ष वर्ग भरणाऱ्या दुसऱ्या विद्यापीठात नाव घालावं. यातलं काहीच केलं नाही, तर पुढची कारवाई हद्दपारीपर्यंत जाऊ शकते.

त्याच दिवशी हार्वर्ड विद्यापीठाने जाहीर केलं होतं, की येत्या वर्षातले पदवीचे सगळे वर्ग ऑनलाइनच होतील. त्या वेळी अमेरिकेत सुमारे पावणेअकरा लाख परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांतले १ लाख ९३ हजार भारतीय होते. इकडे भारताने मार्चपासून नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद ठेवली होती. 'वंदे भारत'च्या मोजक्या विमानांत जागा मिळणं नशिबाचा भाग होता. म्हणजे 'जा' म्हटलं, तरी जायचं कसं हा प्रश्न होताच. शिवाय घराचे करार झालेले, भाड्याची अनामत भरलेली, बँकेचं शैक्षणिक कर्ज डोक्यावर.

आठ दिवसांनी, १४ जुलैला, ही सूचना मागे घेण्यात आली. त्यामुळे अनेकांच्या आठवणीत ती ट्रम्प सरकारच्या लहरीपणाचा एक नमुना म्हणून उरली आहे. लहरीपणा त्यात होताच. पण ज्या नियमावर ती सूचना उभी होती, तो नियम त्या सरकारने केलेला नव्हता. तो २००२ सालचा होता. आणि त्यामागची कल्पना त्याहून बरीच जुनी होती. परदेशी विद्यार्थी खरा की खोटा, हे सरकारने ओळखायचं कसं? अमेरिकेने या प्रश्नाला शोधलेलं उत्तर एका शब्दात सांगता येतं : हजेरी.

आनंदीबाई जोशी १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या वाटेतल्या अडचणींबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे : पैसा, प्रकृती, समुद्रप्रवासावरून उठलेला गदारोळ. या यादीत व्हिसा कुठेच नाही, कारण व्हिसा लागतच नसे. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. त्यातून विद्यार्थ्यांना सूट होती. मात्र आपण मजूर नसून विद्यार्थी आहोत, असा दाखला चिनी तरुणाला सोबत आणावा लागे. विद्यार्थी असणं ही कागदाने सिद्ध करायची गोष्ट झाली, ती इथे.

बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हाही त्यांच्यावरची मुख्य अट अमेरिकेची नव्हती. ती बडोदा संस्थानाची होती : शिष्यवृत्तीची मुदत पाळायची आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. पैसे देणाऱ्याने घातलेली अट आपल्याला समजू शकते. ज्या देशात शिकायचं, त्या देशाने घातलेल्या अटी पुढच्या अकरा वर्षांत आल्या.

१९१७च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून होणारं स्थलांतर जवळपास बंद केलं. विद्यार्थी त्यातून वगळले होते. मग १९२४च्या कायद्याने विद्यार्थ्याची व्याख्याच केली. वय किमान पंधरा, येण्याचा हेतू फक्त शिक्षण, आणि संस्था सरकारने मान्य केलेली. शिवाय आणखी एक अट होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. परदेशी विद्यार्थ्याने वर्गात येणं बंद केलं, तर तसं सरकारला कळवण्याचं संस्थेने कबूल केलेलं असलं पाहिजे. दार बंद करताना एक फट ठेवली आणि त्या फटीवर लक्ष ठेवायला मास्तरांना बसवलं, असं म्हणता येईल. १९५२च्या कायद्यात एफ-१ व्हिसा आज आपण ओळखतो त्या रूपात आला, तेव्हाही ही अट टिकली.

पुढची कित्येक दशकं ही देखरेख ढिलीच होती. कागद जात, फायलींत पडत, कुणी बघत नसे. १९९३मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली बॉम्बस्फोट झाला. त्यातला एक आरोपी विद्यार्थी व्हिसावर आलेला निघाला. १९९६मध्ये परदेशी विद्यार्थ्यांची संगणकीय नोंद ठेवायचा कायदा झाला, पण काम रेंगाळलं. मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. विमानं पळवणाऱ्यांपैकी एक जण इंग्रजी शिकायचा व्हिसा घेऊन आला होता आणि त्या वर्गात कधी गेलाच नव्हता. त्यावर कडी म्हणजे हल्ल्याला बरोबर सहा महिने झाल्यावर, मार्च २००२मध्ये, फ्लोरिडातल्या एका विमानचालन शाळेत सरकारी पत्रं आली : मोहम्मद अट्टा आणि मरवान अल-शेही यांना विद्यार्थी म्हणून शिकायची परवानगी मंजूर करण्यात आली आहे. दोघंही त्या हल्ल्यात मेले होते.

या नामुष्कीनंतर रेंगाळलेलं काम झपाट्याने उरकलं गेलं. डिसेंबर २००२मध्ये सविस्तर नियम आले आणि २००३पासून सेव्हिस ही संगणकीय यंत्रणा सगळ्या संस्थांवर बंधनकारक झाली. पत्ता बदलला, तर दहा दिवसांत कळवायचं. विषय कमी घेतले, तर आधी परवानगी काढायची. याच नियमांत एक छोटं कलम होतं : एफ-१ विद्यार्थ्याच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमात एका सत्रात जास्तीत जास्त एकच विषय, किंवा तीन क्रेडिटं, ऑनलाइन मोजली जातील. प्रत्यक्ष उपस्थिती लागत नाही असा वर्ग म्हणजे ऑनलाइन वर्ग. इंग्रजी भाषेच्या अभ्यासक्रमात तर ऑनलाइन एकही चालणार नाही.

२००२मध्ये यात कुणाला काही वावगं वाटलं नाही आणि तसं वाटण्याचं कारणही नव्हतं. घरबसल्या शिकता येत असेल, तर व्हिसा कशाला, हा प्रश्न सरळ आहे. या कलमाची गरज दाखवणारी प्रकरणंही पुढे घडली. २०११च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली नावाच्या 'विद्यापीठा'वर छापा पडला. कागदावर दीड हजारांहून जास्त विद्यार्थी, त्यांतले बहुसंख्य भारतीय, त्यातही आंध्र प्रदेशातले अनेक. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांचा पत्ता म्हणून एकच फ्लॅट नोंदवलेला. प्रत्यक्षात ही मुलं देशभर विखुरलेली होती आणि नोकऱ्या करत होती. संस्थेच्या प्रमुख बाईंना पुढे सोळा वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला. पण सुरुवातीला पायांत रेडिओ कडी पडली, ती काही विद्यार्थ्यांच्या. त्यावर भारत सरकारने जाहीर नाराजी व्यक्त केली होती. त्यांतले कितीजण फसवणारे आणि कितीजण फसवले गेलेले, हे वेगळं करणं सोपं नव्हतं. नियमाला मात्र तो फरक करायची गरज पडत नाही. तो एवढंच विचारतो : वर्गात होतास का?

मार्च २०२०मध्ये जगातले वर्गच बंद झाले. हजेरी लावायला वर्ग उरला नाही, तेव्हा नियमाचा आधारच गेला. सरकारने सुरुवातीला हे समजून घेतलं. १३ मार्चच्या मार्गदर्शक सूचनेत सांगितलं, की विद्यार्थी ऑनलाइन शिकले तरी त्यांचा व्हिसा शाबूत राहील आणि ही सवलत आणीबाणी असेपर्यंत चालू राहील. विद्यापीठांनी याच शब्दावर विसंबून पुढच्या वर्षाचं नियोजन केलं. जुलैमध्ये आणीबाणी संपली नव्हती. उलट अमेरिकेत रुग्ण वाढत होते. तरीही सवलत संपली.

का, ते लपवलं गेलं नाही. ६ जुलैलाच राष्ट्राध्यक्षांनी शाळा उघडल्याच पाहिजेत, असं ट्विट केलं होतं. दुसऱ्या दिवशी गृहसुरक्षा खात्याचे केन कुचिनेली यांनी टीव्हीवर सांगितलं, की या सूचनेमुळे शाळांना उघडायला प्रोत्साहन मिळेल. विद्यापीठांनी पूर्ण ऑनलाइनचा निर्णय १५ जुलैपर्यंत कळवायचा होता. काही वर्ग प्रत्यक्ष, काही ऑनलाइन अशी व्यवस्था असेल, तर प्रत्येक विद्यार्थ्याचा आय-२० हा कागद ४ ऑगस्टपर्यंत नव्याने द्यायचा होता. ज्या नियमाचा हेतू विद्यार्थ्याचा खरेपणा तपासणं हा होता, तो आता विद्यापीठांचं मनगट पिरगाळायला वापरला जात होता, आणि ते मनगट होतं विद्यार्थ्यांचं.

८ जुलैला हार्वर्ड आणि एमआयटीने बॉस्टनच्या संघीय न्यायालयात दावा लावला. त्यांचा मुद्दा व्हिसाच्या नियमाविरुद्ध नव्हता, प्रशासनाच्या पद्धतीविरुद्ध होता : लोकांना विसंबायला सांगून, कारण न देता, कुणाचं म्हणणं न ऐकता असा निर्णय फिरवता येत नाही. कॅलिफोर्नियाने वेगळा दावा केला. पाठोपाठ मॅसॅच्युसेट्सच्या पुढाकाराने सतरा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन न्यायालयात गेली. दोनशेवर विद्यापीठांनी आणि गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांनी पाठिंबा दिला. १४ जुलैला न्यायाधीश ॲलिसन बरोज यांच्यापुढे सुनावणी होती. ती काही मिनिटांतच आटोपली, कारण सरकारने सूचना मागे घ्यायचं आधीच मान्य केलं होतं. साथीमुळे ही सुनावणी व्हिडिओवरून झाली. न्यायालय पडद्यावर भरू शकतं आणि त्याचा निर्णय खरा मानला जातो. वर्ग पडद्यावर भरला, तर विद्यार्थी खरा उरतो की नाही, याचा वाद त्याच पडद्यावर चालला होता.

बातम्या इथे थांबल्या. पण २४ जुलैला आणखी एक खुलासा आला, त्याची फारशी चर्चा झाली नाही. सवलत ९ मार्चला शिकत असलेल्यांनाच लागू होती. नव्याने प्रवेश घेतलेल्या आणि वर्ग पूर्ण ऑनलाइन असलेल्या विद्यार्थ्यांना देशात येता येणार नव्हतं. भारतातल्या वकिलातींमधलं नेहमीचं व्हिसाचं काम मार्चपासून बंद होतंच.

समजा, पुण्यातल्या एका मुलीला त्या वर्षी बॉस्टनमध्ये एमएसला प्रवेश मिळाला होता. तिच्या वर्गाची वेळ दुपारी दोनची, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली, की साडेबारा. घरचे झोपलेले, हेडफोन कानात, प्राध्यापकाने प्रश्न विचारला तर दबक्या आवाजात उत्तर. फी डॉलरमध्ये, कर्जाचं व्याज रुपयांत. ग्रंथालय नाही, प्रयोगशाळा नाही, वर्ग संपल्यावर कॉफी घेता घेता जमणाऱ्या ओळखी नाहीत. नाहीतर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायचा आणि पुढच्या वर्षी सगळं सुरळीत होईल, अशी आशा ठेवायची. त्या हंगामात अमेरिकेतल्या नव्या परदेशी प्रवेशांत ४३ टक्के घट झाल्याचं पाहणीत दिसलं. दर पाच परदेशी विद्यार्थ्यांमागे एक जण अमेरिकेबाहेर बसून ऑनलाइन शिकत होता.

याच काळात इतर देशांनीही आपापली उत्तरं शोधली. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी एप्रिल २०२०मध्ये सांगितलं, की ज्या परदेशी विद्यार्थ्यांना स्वतःचा खर्च भागवता येत नाही, त्यांनी घरी जावं. आणि बाहेर अडकलेल्यांसाठी दार डिसेंबर २०२१पर्यंत बंदच राहिलं. कॅनडाने मात्र मायदेशात बसून केलेला ऑनलाइन अभ्यास पुढच्या कामाच्या परवान्यासाठी मोजायचं ठरवलं. म्हणजे शरीर देशात असणं आणि विद्यार्थी असणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे एका सरकारने करून दाखवलं.

मे २०२३मध्ये अमेरिकेतली आणीबाणी संपली आणि जुना नियम परत आला : एक विषय, तीन क्रेडिटं. त्याविरुद्ध मोठी ओरड झाली नाही, आणि माझ्या मते ती व्हायला हवी होती असंही नाही. बोगस संस्था आहेत, त्यांना आळा हवा. प्रश्न नियमाचा नाही, तो हाती असलेल्याच्या हेतूचा आहे. मे २०२५मध्ये गृहसुरक्षा खात्याने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घेतला. दुसऱ्याच दिवशी त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. न्यायाधीश त्याच होत्या, ॲलिसन बरोज. भांडण पुन्हा विद्यापीठाशी होतं. देश सोडायची वेळ पुन्हा विद्यार्थ्यांवर येणार होती.

आपल्याकडे दर वर्षी घराघरांत परदेशी शिक्षणाचा हिशेब मांडला जातो : फी, राहण्याचा खर्च, कर्जाचा हप्ता, डॉलरचा भाव. त्या कागदावर एक रकाना कायम रिकामा राहतो. आपण ज्या देशात शिकायला जातो, तिथल्या भांडणात आपला पक्ष कुठलाच नसतो, मत देता येत नसतं, आणि तरीही त्या भांडणाची किंमत मोजायला आपण हजर असतो. १९२४च्या कायद्याने संस्थेला सांगितलं होतं, विद्यार्थी वर्गात येईनासा झाला तर आम्हाला कळवा. वर्गच येईनासा झाला, तर विद्यार्थ्याला कोण कळवणार, ही तरतूद त्या कायद्यात नव्हती. ती अजूनही नाही.