शिकागोला नाही म्हणणारा वकील

माझी ताई सांगलीत वकिली करते. मध्यंतरी तिला मुंबईच्या एका फर्मनं भागीदारी देऊ केली. अट एकच, बिऱ्हाड मुंबईला हलवायचं. घरात सॉफ्टवेअरवाला मी, म्हणून एक्सेल शीट करायचं काम माझ्याकडे आलं. उत्पन्न, घरभाडं, मुलीची शाळा, आईबाबांचं वय, सगळ्याला गुण दिले. बेरीज मुंबईच्या बाजूनं झाली. ताईनं शीट खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "यात माझा मंगळवार कुठाय?"

तेव्हा मला प्रश्नच कळला नव्हता. तो थोडाफार उलगडला तो अब्राहम लिंकनच्या वकिलीबद्दल वाचताना. या माणसापुढे असा प्रसंग दोनदा आला, आणि दोन्ही वेळी त्यानं वेगळं उत्तर दिलं.

पहिली वेळ एप्रिल १८३७ची. लिंकन अठ्ठावीस वर्षांचा, राहायला न्यू सेलम या इलिनॉयमधल्या खेड्यात. दुकान बुडालेलं, कर्ज डोक्यावर, कायदा उसन्या पुस्तकांवर शिकलेला. ती पुस्तकं देणारा जॉन स्टुअर्ट स्प्रिंगफील्डमध्ये वकील होता, त्यानंच भागीदारी देऊ केली. लिंकन खोगिराच्या दोन पिशव्या घेऊन गावात आला आणि जोशुआ स्पीडच्या दुकानात पलंग-अंथरुणाचा भाव विचारला. सतरा डॉलर. तेवढे नव्हते. स्पीड म्हणाला, वर माझी खोली आहे, पलंग मोठा आहे, वाटून घेऊ. लिंकन वर गेला, पिशव्या ठेवून खाली आला आणि आपलं स्थलांतर झाल्याचं जाहीर केलं. एवढंच. इथं शीट लागलीच नसती. स्प्रिंगफील्ड नुकतीच राज्याची राजधानी ठरली होती, आणि ती तिथं आणण्यात आमदार म्हणून त्याचा स्वतःचा हात होता. न्यू सेलम तर पुढच्या काही वर्षांत ओसच पडलं.

दुसरी वेळ १८४९ची. आता तो चाळिशीचा, वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसची एक मुदत संपवून परतलेला. हवं होतं ते जमीन खात्याचं सरकारी पद शिकागोच्या एका वकिलाला मिळालं. राजकारण आटोपल्यासारखंच होतं. अशा वेळी शिकागोच्या ग्रँट गुडरिचनं भागीदारी देऊ केली. १८५०च्या जनगणनेत शिकागोची वस्ती तीस हजारांच्या आसपास होती, स्प्रिंगफील्डची साडेचार हजार. शिकागोत कालवा सुरू झाला होता, रेल्वे येत होती. माझ्या शीटनं डोळे झाकून शिकागो सांगितलं असतं.

लिंकन नाही म्हणाला. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिसनं पुढे सांगितलेलं कारण असं: आपली प्रकृती क्षयाकडे झुकणारी आहे, शिकागोत बसून कसून अभ्यास करावा लागेल आणि त्यानं आपण मरू, त्यापेक्षा सर्किट बरं.

क्षयाची भीती त्या काळात खोटी नव्हती. १ फेब्रुवारी १८५० रोजी त्याचा जवळपास चार वर्षांचा मुलगा एडी गेला, तो बहुधा क्षयानंच. तरीही मला वाक्याचा दुसरा भाग जास्त खरा वाटतो. सर्किट म्हणजे चौदा काउंट्यांचा फेरा. वसंतात एकदा, शरदात एकदा, न्यायाधीश आणि वकील मिळून गावोगाव जायचे. आज या गावी डुकराच्या मालकीचा वाद, परवा पुढच्या गावी खून. रात्री एका पलंगावर दोघं दोघं, आणि गप्पा. बाकीचे वकील जमेल तेव्हा रविवारी घरी पळायचे, लिंकन बहुधा तिथंच राहायचा. त्याला शिकागोचा पैसा नको होता असं नाही. त्याला शिकागोचा मंगळवार नको होता.

पुढे मे १८६०मध्ये, शिकागोतच, रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी त्याला मिळवून देण्यात पुढे होता तो हाच डेव्हिस, आणि सोबत सर्किटवरचेच दोस्त. म्हणून काही जण या नकाराला दूरदृष्टी म्हणतील. मला ते पटत नाही. शेवट माहीत असलेल्यानं मागे जाऊन कारणं जुळवण्यासारखं आहे ते. १८४९मध्ये तो काहीही होणार नव्हता.

शिवाय शिकागो काही कायमचं सुटलं नाही. खटले त्याला तिथं नेतच राहिले. मिसिसिपीवरच्या रेल्वेपुलाला आगबोट धडकली, तो गाजलेला खटला १८५७मध्ये तो तिथंच लढला. इलिनॉय सेंट्रल रेल्वेकडून पाच हजार डॉलर फी त्यानं दावा लावून वसूल केली आणि निम्मी भागीदार विल्यम हर्नडनला दिली. राहत होता मात्र स्प्रिंगफील्डमध्येच.

हे सगळं मी ताईला फोनवर उत्साहानं सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "आणि बायको?"

मेरी लिंकन. नवरा वर्षातले कित्येक महिने फिरतीवर, ती घरी मुलांसह. स्प्रिंगफील्डमध्ये तिच्या बहिणी होत्या, हा तिला आधार. त्याच वर्षी लिंकनला ओरेगॉनचं गव्हर्नरपद देऊ केलं होतं, तेव्हा तिनं ठाम नकार दिल्याचं सांगतात. शिकागोबद्दल तिला काय वाटलं, हे मी वाचलेल्या कशात नाही.

"बघ," ताई म्हणाली.

ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सांगलीचा वकील आता सकाळी निघून संध्याकाळी घरी येऊ शकतो. हा मुद्दा माझ्या शीटमध्ये होता, दहापैकी चार गुण देऊन. ताईनं ते चार खोडून सात केले, मग मुलीला विचारून पुन्हा पाच. फर्मला उत्तर द्यायला अजून नऊ दिवस आहेत.