कारंज्याच्या बाजारातला वर्ग

व्यापाराचं महाविद्यालयीन शिक्षण आपल्याकडे १९१३ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजपासून सुरू झालं, असं धरतात. पण वाणिज्याच्या वर्गातला पायाचा धडा, म्हणजे एकमेकांचे प्रतिस्पर्धी असूनही ठरल्या नियमांनी मिळून काम करणं, वऱ्हाडातल्या कारंजा लाडला त्याआधीच गिरवावा लागला. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानं इथला कापूस बाजार नियमनाखाली आला. देशातला असा पहिलाच; तिथं प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांना ठरल्या नियमांनी व्यवहार करणं भाग पडलं. एरवी त्या काळात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, माल घेऊन आलेल्याला पत्ताही लागत नसे.

कुणी म्हणेल, मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, शेतकऱ्याचा कळवळा कुणाला होता? खरंच आहे. १८९७च्या वऱ्हाड कायद्यातल्या बाजार समितीतही शेतकऱ्याला जागा नव्हती. तरीही १९२८ साली शाही कृषी आयोगानं देशभर नियमित बाजारांची शिफारस केली, ती वऱ्हाडचा हा अनुभव, त्यातल्या उणिवांसकट, समोर ठेवूनच.