न्हावा शेवा : जालीय ज्ञानव्यवहारातील स्थान

न्हावा शेवा : रायगड जिल्ह्यातील बंदर, तसेच न्हावा (ता. पनवेल) व शेवा (ता. उरण) या दोन गावांचे जोडनाव. येथील बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले व त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव देण्यात आले.

नाव व संकेतांक : जहाजवाहतुकीत जुनेच नाव रूढ राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या स्थळसंकेतांत हे बंदर ‘आयएनएनएसए’ आहे. यातील पहिली दोन अक्षरे देशाची, उरलेली तीन गावांच्या नावांवरून आलेली. सीमाशुल्काच्या संगणकप्रणालीत यापुढे 1 हा अंक जोडतात.

बंदरातील माहितीजाळे : जुलै 2016 पासून येथील कंटेनरवर रेडिओ टॅग लावण्यास सुरुवात झाली. कंटेनरचा क्रमांक टाकला, की तो कोठे पोहोचला हे मालधन्याला घरबसल्या कळते. 27 जून 2017 च्या जागतिक सायबर हल्ल्यात मेर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या येथील टर्मिनलची संगणकव्यवस्था बंद पडली आणि कोणता माल कोणाचा, हे सांगणे अवघड झाले. माल धक्क्यावरच होता. त्याची माहिती तेवढी हाताशी नव्हती.

भूसंपादन : भूसंपादनाच्या प्रश्नावरील जानेवारी 1984 मधील आंदोलनात (नेते दि. बा. पाटील) पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले.

बोली : आगरी, कोळी.

कोशांतील नोंद : श्री. व्यं. केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड निघाले तेव्हा हे बंदर नव्हते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 चा, म्हणजे तोही बंदराआधीचा. छापील खंडातील दुरुस्ती पुढील आवृत्तीपर्यंत थांबते. 1 मे 2003 रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर ती कोणालाही तत्काळ करता येते. मुंबईला न्हावा शेवाशी जोडणाऱ्या अटल सेतूच्या 12 जानेवारी 2024 च्या उद्घाटनासारख्या घटनेला खंडाची वाट पाहावी लागत नाही. मात्र तेथेही विधानाला प्रकाशित आधार लागतो. बंदराला तो मिळतो, कारण त्याचे अहवाल छापले जातात; खाडीतील मासेमारीचे ज्ञान मात्र तोंडी राहते. उदा., पौर्णिमा-अमावास्येला उधाण (मोठी भरती), अष्टमीच्या सुमारास भांग (लहान भरती). डोल हे मासेमारीचे जाळे पाण्याच्या ओढीवर चालते, म्हणून कोळी तिथी पाहून ते लावतात. प्रत्येक खाडीची ओढ वेगळी आणि ती जाणणारी माणसे आता वयोवृद्ध आहेत. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून, त्यांच्याच शब्दांत छापणे हे कोशकार्यच आहे आणि ते आधी व्हायला हवे.